मास्क लावूनही वास येतोय? आधी सांगा, कधी येतो

“मास्क लावला तरी वास येतो.” फायबरच्या होड्यांची शेड असो, गाड्यांचं पेंटिंग असो की सुतारकाम, ही तक्रार वर्षभर चालू असते आणि मिरग लागला की दुप्पट होते. त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे दुकानातून आणखी महागाचा मास्क आणणं. आठवडाभराने तीच तक्रार पुन्हा, फक्त बिल मोठं.

माझं काम सेफ्टीचं. गोव्यात वेर्णा, कुंडई इथल्या युनिटांपासून नदीकाठच्या बार्ज दुरुस्तीच्या यार्डांपर्यंत फिरणं असतं. तक्रार आली की मास्क कुठल्या कंपनीचा आणि केवढ्याला घेतला, हे मी विचारतच नाही. पहिला प्रश्न एकच: वास कधी येतो? चढवल्या चढवल्या? दुपारनंतर? की दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्याच श्वासाला? बहुतेक वेळा एवढ्या उत्तरावर बिघाड सापडतो. मास्क बदलायची गरज क्वचितच पडते.

आधी हवेत काय आहे ते बघा

नाकात जाणाऱ्या गोष्टींचे दोन गट आहेत आणि त्यांचे फिल्टरही वेगळे. पहिला गट कणांचा: ग्राइंडिंगची धूळ, वेल्डिंगचा धूर, स्प्रे गनमधून उडणारे रंगाचे बारीक थेंब. हे कण धाग्यांच्या थरात अडकतात. एन९५, एफएफपी२, पी१०० ही सगळी नावं कणांच्या फिल्टरांची. दुसरा गट वायू आणि वाफांचा: थिनर, स्टायरीन, अमोनिया, क्लोरीन. त्यांचे रेणू त्या धाग्यांतून सरळ पलीकडे जातात. त्यांना धरायला कार्ट्रिजमधला, म्हणजे मास्कला लावायच्या डबीतला, ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो.

कोविडमध्ये एन९५ घरोघरी पोचला आणि तो सगळ्यावर चालतो असा समज पक्का झाला. रंगारी एन९५ लावतो, रंगाचे थेंब बाहेर अडतात, संध्याकाळी नाक शिंकरल्यावर रंग दिसत नाही, म्हणून त्याला वाटतं मास्कने काम केलं. थिनरची वाफ मात्र दिवसभर छातीत जातच राहिलेली असते. कार्बनचा पातळ थर दिलेले एन९५ही बाजारात आहेत. ते हवेतल्या सुरक्षित मर्यादेच्या आतल्या वासाचा त्रास कमी करण्यापुरते. स्प्रे पेंटिंगला ते पुरत नाहीत.

स्प्रे पेंटिंगला दोन्ही लागतं: वाफेसाठी कार्ट्रिज आणि त्याच्या पुढे कणांसाठी प्रीफिल्टर. नुसतं कार्ट्रिज लावलं तर रंगाचे थेंब त्याच्या तोंडावर बसतात आणि कार्बन शिल्लक असतानाच ते चोंदतं.

चढवल्या चढवल्या वास येतो

याचा अर्थ दोनपैकी एक: हवा फिल्टरला वळसा घालून आत येते आहे, किंवा कार्ट्रिजच चुकीचं आहे. वळशाची शक्यता जास्त, म्हणून सुरुवात तिथून.

दोन्ही तळहात कार्ट्रिजच्या तोंडावर ठेवा आणि हळू श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन दहाएक सेकंद तसाच राहिला पाहिजे. मग पुढचा उच्छ्वासाचा व्हॉल्व्ह तळहाताने झाका आणि हलकेच फुंका. मास्क किंचित फुगला पाहिजे आणि कडेने कुठेही हवेची झुळूक लागता कामा नये. हे रोज, प्रत्येक वेळी चढवताना करायचं. वेळ अर्धा मिनिट.

झुळूक लागली की सगळ्यात आधी हनुवटीकडे बघतो. श्रावणात दाढी न करणारे बरेच जण आपल्याकडे आहेत, आणि पावसाळ्यात तक्रारी वाढण्याचं हे एक सरळ कारण. रबराची कड कातडीवर बसायला हवी, ती बसते केसांवर. दोन-तीन दिवसांची खुंटंसुद्धा पुरतात. पट्टे आवळून काही होत नाही, उलट कड मुडपते आणि नाकाच्या बाजूला नवी फट पडते. व्रत मोडा असं मी कोणाला सांगणार नाही. त्या महिन्यात त्या माणसाला वाफेच्या कामावरून हलवता येतं. पैसे खर्च करायची तयारी असेल तर बॅटरीवरच्या पंख्याने हवा गाळून देणारं हूड मिळतं. ते चेहऱ्याला घट्ट बसवावं लागत नाही, त्यामुळे दाढी चालते. मिशीची अडचण नाही, जोवर ती मास्कच्या आत मावते.

मग माप. स्टोअरवाला सरसकट मीडियम मागवतो. औषधाच्या कारखान्यात पावडर तोलणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर तो मास्क गालाकडे उघडा पडतो आणि कोणी काही बोलत नाही, कारण ‘सगळ्यांना हाच दिलाय’. स्मॉल माप सगळ्या बऱ्या कंपन्या देतात. मागवावं लागतं, एवढंच.

दाढी नाही, माप बरोबर, तरी गळती? मग पुढच्या व्हॉल्व्हचं झाकण उघडा. आत नाण्याएवढी सिलिकॉनची पातळ चकती असते. ती उच्छ्वासाला उचलली जाते आणि श्वास घेताना आपल्या बैठकीवर चिकटून बसते. फायबरच्या शेडमधला मास्क उघडला की त्या चकतीच्या कडेखाली वाळलेल्या जेलकोटचा, म्हणजे होडीच्या बाहेरच्या रेझिनच्या थराचा, कण हमखास सापडतो. मोहरीच्या दाण्याहून लहान. तेवढ्याने चकती एका बाजूला उचललेली राहते आणि प्रत्येक श्वासाबरोबर शेडमधली हवा, कार्ट्रिजला न शिवता, थेट तोंडात. ओल्या फडक्याने बैठक पुसा. चकतीची कड कडक झाली असेल किंवा दुमडली असेल तर बदला, ती सुटी मिळते. थिनरने पुसू नका, सिलिकॉन फुगतं आणि मग ती कधीच नीट बसत नाही.

हे सगळं ठीक असूनही पहिल्या मिनिटाला वास आला तर कार्ट्रिज चुकलेलं आहे. त्याबद्दल पुढे, रंगांच्या भागात.

सकाळी ठीक, दुपारनंतर वास

कार्ट्रिज भरलं. यात बिघाड काहीच नाही, कार्बनची धरण्याची ताकद संपली. खरी तक्रार अशी असते: “मे महिन्यात हेच कार्ट्रिज दोन दिवस जायचं, आता एका दिवसात संपतं. माल डुप्लिकेट येतोय.”

डुप्लिकेट माल येतोही, नाही म्हणत नाही. पण जुलैमध्ये आधी हवेतलं पाणी मोजा. कार्बन वाफेबरोबर पाण्याची वाफही धरतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर सहज असते. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांचा एक ढोबळ हिशेब आहे: ज्या द्रावकाचा उत्कलनांक ७० अंशांच्या वर आहे आणि हवेतलं प्रमाण दहा लाखात २०० भागांच्या खाली आहे, त्याला कार्ट्रिज साधारण कामाच्या वेगाने ८ तास पुरतं. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की हे आयुष्य निम्मं. अंगमेहनत वाढून श्वास दुप्पट झाला की पुन्हा निम्मं. म्हणजे मे महिन्यातला दोन दिवसांचा हिशेब जुलैत लावणं हीच चूक. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदला.

याच हिशेबातला आणखी एक नियम मला जास्त कामाचा वाटतो: हवेतली वाफ एक दशांशावर आणली की कार्ट्रिज साधारण पाचपट टिकतं. म्हणून शेडमालक कार्ट्रिजच्या खर्चावरून कुरकुरायला लागला की मी एक्झॉस्ट पंख्याकडे बोट दाखवतो. पावसाचं पाणी आत येतं म्हणून ताडपत्री सोडून तिन्ही बाजू बंद केलेल्या असतात, आणि आत चार जण लॅमिनेशन, म्हणजे फायबरवर रेझिनचे थर देण्याचं काम, करत असतात. पंखा बसवला, हवा कामगाराच्या पाठीमागून येऊन मोल्डच्या पलीकडे बाहेर जाईल असं केलं, की कार्ट्रिजचं बिल खाली येतं. मालकाला हीच भाषा कळते.

मास्क ठेवता कुठे, तेही बघा. काम संपलं की मास्क रेझिनच्या ड्रमजवळच्या खिळ्याला टांगलेला दिसतो. रात्रभर तो तिथली वाफ आणि दमट हवा पीत असतो. कोणी तोंडाला लावो न लावो, कार्बन आपलं काम चालूच ठेवतो. काम थांबलं की झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, शेडच्या बाहेर. आणि कार्ट्रिजचं पाकीट फोडल्याची तारीख मार्करने कार्ट्रिजवरच लिहा, पाकिटावर नको. पाकीट कचऱ्यात जातं.

रात्रभर डब्यात होता, तरी सकाळी पहिल्याच श्वासाला वास

ही तक्रार बहुतेक करून फायबरच्या शेडमधूनच येते आणि ऐकणारा त्यावर विश्वास ठेवत नाही. ती खरी असते, आणि तिचं कारण ॲसिटोन.

होडीच्या कामात रेझिनमधून स्टायरीन सुटतं. त्याचा उत्कलनांक १४५ अंश. जड, आरामात कार्बनला धरून राहणारा रेणू. पण ब्रश, रोलर आणि हात धुवायला तिथेच उघड्या बादलीत ॲसिटोन असतं. त्याचा उत्कलनांक ५६ अंश, आणि कार्बनवरची पकड ढिली. कार्बनच्या छिद्रांचं सगळं गणित कदंबच्या गर्दीच्या बसमधल्या जागांसारखं आहे: ॲसिटोन आधी येऊन बसतं, पण मागून स्टायरीन किंवा पाण्याची वाफ चढली की त्याला उठवून पुढे ढकलते. दिवसभर सरकत सरकत ते आतल्या बाजूला येतं. मास्क डब्यात पडून असतानाही हे सरकणं थांबत नाही. सकाळी पहिला श्वास घेतला की काल धरलेलं ॲसिटोन नाकात.

म्हणून ६५ अंशांच्या खाली उकळणाऱ्या द्रावकांसाठी साधं सेंद्रिय (थिनर, स्टायरीनसारख्या) वाफेचं कार्ट्रिज दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. युरोपच्या पद्धतीत अशा द्रावकांना एएक्स नावाचा वेगळा वर्ग आहे आणि तो एकदाच वापरायचा असतो. पेंट काढायच्या रिमूव्हरमधलं डायक्लोरोमिथेन तर ४० अंशांलाच उकळतं. त्याला साधं कार्ट्रिज लावून दिवस काढू नये.

रोज एएक्स फिल्टर टाकून देणं मात्र छोट्या शेडला परवडत नाही. माझा सल्ला: ॲसिटोनची बादली बंद करा. झाकणाचा डबा घ्या, ब्रश धुणं एका कोपऱ्यात पंख्याखाली न्या, हात धुवायला तर ॲसिटोन अजिबात नको. जे हवेत येतच नाही ते गाळावं लागत नाही. ॲसिटोन हवेतून गेलं की उरतं स्टायरीन, आणि त्याला साधं तपकिरी कार्ट्रिज बरोबर आहे.

तपकिरी, काळं, पिवळं, पांढरं

कार्ट्रिजचे रंग हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा गोंधळ. बाजारात अमेरिकन आणि युरोपियन दोन्ही पद्धतींचा माल शेजारी शेजारी लागलेला असतो आणि दोघांची रंगांची भाषा वेगळी.

थिनर, टोल्युईन, झायलीन, स्टायरीन अशा सेंद्रिय वाफेसाठी अमेरिकन कार्ट्रिजवर काळा पट्टा असतो, युरोपियनवर तपकिरी आणि ‘ए’ अक्षर. इथपर्यंत ठीक. पिवळ्यापाशी घात होतो. अमेरिकन पिवळं म्हणजे सेंद्रिय वाफ आणि आम्लवायू दोन्ही. युरोपियन पिवळं म्हणजे ‘ई’, फक्त सल्फर डायऑक्साइडसारखे आम्लवायू. आधी अमेरिकन पिवळं वापरणाऱ्या रंगाऱ्याला दुकानदाराने “तेच आहे” म्हणून युरोपियन पिवळं दिलं, तर पहिल्या मिनिटाला थिनरचा वास येणारच. वर सांगितलेलं ‘चढवल्या चढवल्या’ हे असंही होतं. पांढऱ्याचंही तसंच: अमेरिकन पांढरं आम्लवायूंसाठी, युरोपियन पांढरं ‘पी’, म्हणजे नुसत्या कणांसाठी. क्लोरीन, हायड्रोजन सल्फाइडला युरोपियन करडं, ‘बी’. दोन्हीकडे एकच रंग आहे तो अमोनियाचा: हिरवा, युरोपियन अक्षर ‘के’.

अक्षराच्या पुढचा आकडा म्हणजे क्षमतेचा वर्ग. ए१ हे दहा लाखात १,००० भागांपर्यंत, ए२ हे ५,०००पर्यंत. ए२ घेतलं म्हणजे कुठल्याही हवेत उभं राहता येतं असा याचा अर्थ नव्हे. मास्क स्वतः किती आळा घालतो ते वेगळं: अमेरिकन नियमांत अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कला १० पट आणि पूर्ण चेहऱ्याच्या मास्कला ५० पट धरतात. म्हणजे हवेतलं प्रमाण मर्यादेच्या २० पट असेल तर अर्ध्या मास्कवर कुठलंही कार्ट्रिज लावा, उपयोग नाही.

दुकानात रंगावर जाऊ नका, अक्षरं वाचा. ती पुसट असतील किंवा नसतीलच, तर ते कार्ट्रिज घेऊ नका.

वास नाही, पण श्वास ओढायला जड जातो

हा कणांचा फिल्टर चोंदलेला. वाफेच्या कार्ट्रिजच्या अगदी उलट: कणांचा फिल्टर जसजसा भरतो तसतसा गाळतो चांगलाच, फक्त ओढायला जड होतो. जड झाला की बदला. कॉम्प्रेसरच्या हवेने झटकू नका, धुऊ नका. एन९५च्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो, बारीक कण त्याच्या ओढीने अडकतात. अल्कोहोल किंवा साबण लागला की तो भार जातो. मास्क नव्यासारखा दिसतो आणि निम्मं काम सोडून देतो.

ओढायला अजिबात जड जात नाही आणि नाकात धूळ मात्र सापडते, तर फिल्टरवर नव्हे, कडेवर शंका घ्या. कानाला अडकवायच्या पट्टीचे मास्क चेहऱ्याला तेवढे दाबून बसतच नाहीत. डोक्यामागून दोन पट्टे जाणारा, आयएस ९४७३ आणि आयएसआय खूण असलेला घ्या.

स्वयंपाकाच्या ओट्याचे दगड कापणाऱ्यांशी मात्र मला जरा जास्त बोलायचंय. चिऱ्याची तांबडी धूळ डोळ्यांत भरते, त्यामुळे तिची भीती वाटते. ओट्याच्या दगडाची पांढरी पूड निरुपद्रवी वाटते. पण चिऱ्याचा दगड, लॅटेराइट, म्हणजे मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. त्यात क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) किती, ते जागेप्रमाणे बदलतं. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ २० टक्क्यांच्या वर असतं, आणि ‘क्वार्ट्झ टॉप’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडात ९० टक्क्यांच्याही वर असू शकतं. सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार करते ती ही क्वार्ट्झची, डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ. या कृत्रिम दगडावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून बंदीच घातली. अमेरिकेत या धुळीची आठ तासांची मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. कोरडं ग्राइंडर चालवलं की त्याच्या १० पट ओलांडायला वेळ लागत नाही, म्हणजे एन९५ची आणि अर्ध्या मास्कची हद्द तिथेच संपली. पाण्याची धार लावूनच कापा. पाणी लावलं, वर पी१०० किंवा एफएफपी३ लावला, तर गोष्ट आटोक्यात येते. बंगल्यात फिटिंगच्या वेळी ‘एवढंसं कोपऱ्याला’ म्हणून कोरडी डिस्क फिरवतात, ते बाहेर अंगणात नेऊन पाणी मारत करा.

वेल्डिंगच्या धुराला हेल्मेटखाली मावणारा चपटा पी१०० किंवा एफएफपी२ चालतो. यंत्रशाळेत तेलाचं धुकं असेल तर एन९५ नको, ‘एन’ म्हणजे तेलाला न टिकणारा. तिथे ‘आर’ किंवा ‘पी’. काजू भाजण्याच्या धुरात कण आणि सालीच्या तेलाची तिखट वाफ दोन्ही असतात, म्हणून तिथे सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज अधिक कणांचा फिल्टर, आणि वर चिमणी नीट ओढते की नाही ते बघणं.

वासच येत नाही, म्हणून बिनधास्त

इतका वेळ वासावर भिस्त ठेवली. आता ती कुठे सोडायची ते.

दोन डबे मिसळून लावायचं पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन. गाड्यांचा रंग असो की दारांवरचं पॉलिश, दुसऱ्या डब्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा वास जाणवेपर्यंत ते मर्यादेच्या वर गेलेलं असतं. कार्ट्रिज संपल्याची खूण नाक देणारच नाही. एकदा शरीराने त्याला वाकडं धरलं की पुढे अगदी थोड्यानेही दम्याचा झटका येतो, आणि त्या माणसाला तो धंदा सोडावा लागतो. बूथमध्ये स्प्रे करणाऱ्याला नळीने बाहेरची शुद्ध हवा देणारा मास्क हाच बरोबर उपाय. ती हवा गॅरेजच्या तेलाच्या कॉम्प्रेसरमधून तशीच घेऊ नका. तापलेल्या तेलातून कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो, आणि कॉम्प्रेसरचं तोंड जनरेटरच्या धुराशेजारी असेल तर विचारूच नका. श्वासाच्या हवेसाठीचा वेगळा संच लागतो. सुताराला बंगल्याच्या खोलीत दारं टांगलेली असतानाच स्प्रे करायचं असतं. त्याला मी सांगतो, दारं उतरवून बूथ असलेल्या वर्कशॉपला द्या किंवा गिऱ्हाइकाला पाण्यावरच्या पॉलिशसाठी तयार करा.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही आणि साधं कुठलंही कार्ट्रिज तो धरत नाही. बंद शेडमध्ये जनरेटर चालू असेल तर मास्क बदलत बसू नका, जनरेटर बाहेर काढा.

बर्फाच्या कारखान्यांतला अमोनिया याच्या उलट, थोडा असला तरी कळतो. व्हॉल्व्हच्या रोजच्या देखभालीला पूर्ण चेहऱ्याचा मास्क आणि हिरवं कार्ट्रिज. अर्धा मास्क लावला तर नाक वाचेल, पण डोळे उघडे राहणार नाहीत, आणि दिसत नसेल तर बाहेर कसे पडणार? मोठी गळती असेल आणि हवेत किती आहे ते कळत नसेल तर कार्ट्रिज घालून आत शिरायचं नाही. दहा लाखात ३०० भाग ही जिवाला धोक्याची पातळी. तिथे पाठीवर सिलिंडर असलेला संचच.

जिथे कुठलाच फिल्टर चालत नाही

गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या, मग २०१८ मध्ये पुन्हा. मधल्या वर्षांत मांडवी-झुआरीत खनिज वाहणारे कितीतरी बार्ज नांगरून राहिले. आता दुरुस्तीसाठी त्यांच्या बंद टाक्यांची झाकणं उघडली जातात. आत विषारी काहीच नसतं. असतो फक्त गंज. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खातं, आणि महिनोन्‌महिने बंद असलेल्या टाकीत तो २०.९ टक्क्यांवरून काही टक्क्यांवर येऊ शकतो. फिल्टर हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. कितीही महागाचा मास्क लावून माणूस शिडी उतरला तरी १० टक्क्यांच्या खालच्या हवेत तो हाक मारायच्या आधी कोसळतो. १९.५ टक्क्यांच्या खाली फिल्टरचा मास्क वापरायचाच नाही, असा नियम आहे.

ट्रॉलरच्या होल्डमध्ये, म्हणजे मासळी ठेवायच्या तळच्या कप्प्यात, कुजलेली मासळी राहिली असेल तर ऑक्सिजन कमी आणि वर हायड्रोजन सल्फाइड. त्याला कुजक्या अंड्यांचा वास असतो खरा, पण दहा लाखात १०० भागांच्या आसपास नाकच बधिर होतं. “आत गेल्यावर वास कमी झाला” असं कोणी सांगितलं तर त्याला तिथल्या तिथे वर काढा.

गॅस डिटेक्टर दोरीने खाली सोडा. वर, मध्ये आणि तळाला मोजा, आधी ऑक्सिजन, मग स्फोटक वायू, मग विषारी. ब्लोअरने हवा भरा, पुन्हा मोजा, काम चालू असेपर्यंत मोजत राहा. वर एक माणूस, तो कुठेही जाणार नाही. १९४८च्या कारखाना अधिनियमाचं कलम ३६ याचसाठी होतं: सक्षम व्यक्तीने जागा सुरक्षित असल्याचं लिहून द्यावं, नाहीतर श्वसनयंत्र आणि दोरीला बांधलेला पट्टा घालूनच उतरावं. आणि आत कोणी पडलेला दिसला तर उडी मारू नका. अमेरिकेच्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेने १९८६ मध्ये मांडलेला हिशेब असा की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त जण वाचवायला गेलेले होते.

कार्ट्रिज घ्यायला जाण्याआधी

मालाबरोबर सेफ्टी डेटा शीट मागा. द्यायची टाळाटाळ करतात, तरी मागा. सोळा भागांपैकी तीनच वाचायचे: भाग ३ मध्ये त्यात काय काय आहे, भाग ८ मध्ये मर्यादा आणि कुठला मास्क, भाग ९ मध्ये उत्कलनांक. उत्कलनांक ६५च्या खाली दिसला की वरची ॲसिटोनची गोष्ट लागू. भाग ३ मध्ये ‘आयसोसायनेट’ दिसलं की कार्ट्रिजची खरेदी थांबवा. हवेतलं प्रमाण मोजून घ्यायचं असेल किंवा कुठला नियम लागतो ते विचारायचं असेल तर पणजीला आल्तिनोवर कारखाने आणि बाष्पक निरीक्षकांचं कार्यालय आहे.

कार्ट्रिज सीलबंद पाकिटातलंच घ्या आणि त्यावरची मुदत बघा. सुटं, काउंटरवर ठेवलेलं कार्ट्रिज दुकानातलीच हवा धरून बसलेलं असतं. मास्क आणि कार्ट्रिज एकाच कंपनीचे हवेत. आटे जुळले म्हणून दुसऱ्याचं बसवू नका, फट डोळ्यांना दिसत नाही.

आणि थिनर बाटलीत सुटं भरून आणत असाल, लेबल नसलेलं, तर वरचं काहीच लागू होत नाही. त्यात आज टोल्युईन जास्त असेल, उद्या मिथेनॉल, आणि बऱ्याचदा विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. आधी लेबलचा सीलबंद डबा आणा, कार्ट्रिजचं मग बघू.